आकडा परत आला, पण पेशी त्याच आल्या का?

या खेपेला आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयावरची आहेत. कुणाला मूत्रपिंड बसवताना, कुणाच्या मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोमसाठी (लघवीतून प्रथिनं जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार), कुणाला पाठीच्या संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी अँटिबॉडीची औषधं दिली गेली आहेत. ‘इंजेक्शनं झाली, पुढे काय?’ हे ओपीडीत विचारायचं राहून जातं, कारण बाहेर चाळीस पेशंट थांबलेले असतात. म्हणून यावेळी प्रश्न कमी घेतले आणि उत्तरं सविस्तर लिहिली. पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय ३६. पाच वर्षांपूर्वी आईचं मूत्रपिंड मला बसवलं. तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत ‘सशाचं एटीजी’ सलाईनमधून दिलं होतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.१ आहे, सगळं छान चाललंय. मध्यंतरी नागीण झाली, तेव्हा डॉक्टरांनी सीडी-४ काउंट करायला लावला. तो २६० आला. मोबाईलवर शोधलं तर जिकडेतिकडे एचआयव्ही. सासूबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि तेव्हापासून घरात कुणी नीट बोलत नाही. इतक्या जुन्या औषधाचा परिणाम आजही असू शकतो का? शेजारच्या काकू गुळवेल घे म्हणतात, घेऊ का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : सर्वांत आधी सासूबाईंसाठी लिहिते, हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. सीडी-४ कमी म्हणजे एचआयव्ही, असं नसतं. ही तपासणी एचआयव्हीमुळे लोकांना माहीत झाली, पण ती फक्त त्या आजाराची नाही. टी पेशी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची एक जात. सीडी-४ हे त्यांच्या एका गटाच्या अंगावर असणाऱ्या प्रथिनाचं नाव आहे आणि या पेशी कमी व्हायची कारणं पुष्कळ असतात. एचआयव्हीत विषाणू त्या पेशी रोज मारत राहतो. तुमच्या सुनेच्या शरीरात पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मुद्दाम, मूत्रपिंड वाचवण्यासाठी या पेशी कमी केल्या. त्या भरून यायला वेळ लागतोय. यात लपवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काहीही नाही. मूत्रपिंड बसवण्याआधी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही एचआयव्ही तपासणी होतेच. तो कागद सुनेच्या फाईलमध्ये असेल, तोही बघा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. हो, पाच वर्षांपूर्वीच्या औषधाचा परिणाम आज दिसू शकतो.

एटीजी तयार करताना माणसाच्या थायमस ग्रंथीतल्या पेशी सशाला टोचतात. सशाचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या शुद्ध करून बाटलीत भरल्या जातात. घोड्यापासून केलेलं अशाच जातीचं औषध डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी १९६६ साली मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिलं होतं, म्हणजे ही कल्पना जुनी आहे. या अँटिबॉडी टी पेशींवरच्या अनेक प्रथिनांना एकाच वेळी चिकटतात आणि त्या पेशी मरतात. नवीन अवयव नाकारला जाण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, त्या काळात नाकारणाऱ्या पेशीच कमी असाव्यात हा हेतू. आईचं मूत्रपिंड आज १.१ वर चाललंय, त्यात या औषधाचाही वाटा आहे. त्याच्यावर राग धरू नका.

सशाच्या त्या अँटिबॉडी तुमच्या रक्तातून केव्हाच गेल्या. मागे राहिली ती रिकामी झालेली जागा. शरीर ती दोन वाटांनी भरतं. पहिली वाट थायमसची. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी नव्या, अजून कुठल्याच जंतूची ओळख नसलेल्या टी पेशी तयार करते. पण वयात आल्यापासून ती आक्रसत जाते आणि तिच्यात चरबी भरत जाते. म्हणून लहान मुलांमध्ये टी पेशी लवकर सावरतात आणि पस्तिशी-चाळिशीनंतर हे काम मंदावतं. दुसरी वाट म्हणजे मरणातून वाचलेल्या पेशींनीच दुपटी-चौपटीने वाढायचं. ही वाट झपाट्याची आहे, अडचणही तिच्यातच आहे.

पेठेतला जुना वाडा पाडून तिथे सोसायटी उभी राहते, तसं हे आहे. खानेसुमारी केली तर माणसं पूर्वीइतकीच भरतील, कदाचित जास्तच. पण वाड्यातली सगळी बिऱ्हाडं परत आलेली नसतात. दोन-तीन घराण्यांनीच चार-चार फ्लॅट घेतलेले असतात. तुमच्या टी पेशींतही वाचलेल्या थोड्या वंशांचीच संतती पुष्कळ झाली. एकूण लिम्फोसाइटचा (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा) आकडा नॉर्मल दिसतो, पण वेगवेगळ्या जंतूंना ओळखण्याची जी विविधता होती ती कमी झालेली असते.

त्यातही सीडी-८ पेशी, म्हणजे टी पेशींचा दुसरा गट, लवकर वाढतात आणि सीडी-४ मागे राहतात. निरोगी माणसात सहसा सीडी-४ जास्त आणि सीडी-८ कमी असतात. एटीजीनंतर हे प्रमाण उलटं होतं आणि वर्षानुवर्षं उलटंच राहू शकतं. शरीरात सीएमव्ही विषाणू दबा धरून असेल तर सीडी-८ आणखी फुगतात, कारण त्यातल्या पुष्कळशा त्या एकाच विषाणूवर नजर ठेवण्यात गुंतलेल्या असतात. अशा वारंवार विभागलेल्या पेशी वयस्कर माणसाच्या पेशींसारख्या दिसायला लागतात. फ्रान्समध्ये बेझांसों शहरातल्या डॉक्टरांच्या गटाने मूत्रपिंडाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांचे सीडी-४ दीर्घकाळ कमी राहिले, त्यांच्यात जंतुसंसर्ग आणि कर्करोग जास्त दिसले. तुम्ही घाबरावं म्हणून हे सांगत नाही. त्यावर करण्यासारखं बरंच काही आहे आणि ते तुमच्या हातात आहे.

एक चांगली बाजूही सांगते. एटीजीनंतर वाचणाऱ्या पेशींत नियंत्रक टी पेशींचं प्रमाण तुलनेने चांगलं असतं. या पेशी इतर पेशींना आवरून धरतात आणि नवा अवयव रुळायला त्यांची मदत होत असावी, असं या क्षेत्रातल्या अनेकांना वाटतं. मलाही वाटतं.

आता काय करायचं? २६० हा एकटा आकडा फार बोलत नाही. टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तुम्ही रोज घेता, त्यांचाही त्यात हात आहे. सर्दी-तापात सीडी-४ तात्पुरते खाली जातात, नागीण अंगावर असताना तर नक्कीच. दोन-तीन महिन्यांनी, ठणठणीत असताना, त्याच लॅबमध्ये, सकाळच्या वेळी पुन्हा मोजा आणि सीडी-८ सुद्धा मागवा. आकडा २०० च्या खाली जाऊ लागला तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठीची को-ट्रायमॉक्सॅझोलची गोळी पुन्हा सुरू करायची का, हे नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. जिवंत विषाणू नसलेली नागिणीची लस आता भारतात मिळते. ती केव्हा घ्यायची हेही त्यांनाच विचारा. पॅप स्मीअर टाळू नका, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही विषाणू टी पेशीच काबूत ठेवतात. अंगावर न भरणारी जखम किंवा खरबरीत, वाढणारा चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, मलम लावून वाट पाहू नका.

आकडा वाढावा म्हणून टॅक्रोलिमसची गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. हे मी हात जोडून सांगते.

गुळवेल नको. शेजारच्या काकूंचं प्रेम मला कळतं, पण ज्या पेशी मूत्रपिंडावर चालून जाऊ शकतात त्यांना उठवणारं काहीही तुम्हाला नको आहे. शिवाय मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. काढे, ‘इम्युनिटी’ची चूर्णं, पुड्या, सगळ्यालाच नाही म्हणा.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा. नेफ्रॉटिक सिंड्रोम वारंवार उलटायचा, स्टिरॉइडने चेहरा सुजला, उंची खुंटली. नऊ महिन्यांपूर्वी रिटुक्सिमॅबचे दोन डोस झाले. तेव्हापासून एकदाही लघवीत प्रथिनं आली नाहीत, स्टिरॉइड बंद आहे. त्याचा सीडी-१९ शून्य होता, आता ४ टक्के आला. डॉक्टर म्हणाले, पेशी परत येताहेत. यात आनंद मानू की काळजी करू? शाळेतून लसीचा फॉर्म आलाय आणि धाकट्याचा पोलिओचा डोसही व्हायचाय. — एक आई, हडपसर

उत्तर : तुमच्या प्रश्नात खरी गोम आहे, आणि ती तुम्ही पकडलीत. आनंदही माना, लक्षही ठेवा.

मी बरीच वर्षं फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजणाऱ्या यंत्रावर, काम केलं, म्हणून हा ‘शून्य’ कसा दिसतो ते सांगते. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं थोडंसं रक्त घ्यायचं, त्यात चमकणारा रंग लावलेल्या अँटिबॉडी घालायच्या आणि पेशी एकेक करून लेसरसमोरून जाऊ द्यायच्या. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका पडतो. टी पेशींचे ठिपके एका कोपऱ्यात दाटीने जमतात, बी पेशींचे दुसऱ्या. रिटुक्सिमॅब घेतलेल्या मुलाच्या रक्तात तो दुसरा कोपरा अगदी मोकळा असतो, इतका की नवीन टेक्निशियन ‘मॅडम, अँटिबॉडी घालायची राहिली का?’ विचारतो. रिटुक्सिमॅब बी पेशींवरच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी यांच्यापासूनच होतात) सीडी-२० या प्रथिनाला धरतं आणि त्या पेशी मारतं, म्हणून आम्ही सीडी-२० मोजत नाही. औषधानेच ते झाकलं असेल तर शिल्लक पेशीही दिसायच्या नाहीत. त्याच पेशींवरचं दुसरं प्रथिन, सीडी-१९, मोजतो. तुमच्या रिपोर्टवर सीडी-१९ लिहिलंय ते यामुळे.

बी पेशी साधारण सहा ते बारा महिन्यांत परत यायला लागतात. त्या अस्थिमज्जेतून नव्याने येतात, आणि अस्थिमज्जा थायमससारखी म्हातारी होत नाही, म्हणून संख्या भरून येणं इथे सोपं असतं. पण पहिल्यांदा येतात त्या कोवळ्या पेशी. पूर्वी भेटलेले जंतू लक्षात ठेवणाऱ्या बी पेशींना यायला त्याहून बराच जास्त काळ लागतो, काही मुलांमध्ये वर्षं लागतात. रोमच्या डॉक्टरांनी नेफ्रॉटिक मुलांच्या रक्तात हेच पाहिलं, आणि या स्मृती-पेशी परतण्याचा आजार उलटण्याशी संबंध दिसला. तुमच्या मुलाचे ४ टक्के कोवळे आहेत की अनुभवी, हे साध्या सीडी-१९ वरून कळत नाही. त्यामुळे घाबरून लगेच पुढचा डोस मागू नका. रोज सकाळी लघवीची पट्टी बघायची सवय मोडू नका, तीच तुमची खरी खूण.

मग एवढे महिने बी पेशी नसताना मुलगा ठीक कसा राहिला? अँटिबॉडी तयार करण्याचं काम प्लाझ्मा पेशींचं असतं. त्या बी पेशींपासूनच होतात, पण प्रौढ झाल्या की अंगावरचं सीडी-२० टाकून देतात. रिटुक्सिमॅबला त्या सापडत नाहीत. अस्थिमज्जेत बसून त्या गोवर-धनुर्वातासारख्या जुन्या लसींची अँटिबॉडी करत राहतात. पुन्हा पुन्हा डोस झाले की मात्र हा साठा घटतो, नवी भरती थांबलेली असते आणि रक्तातला आयजीजी, म्हणजे अँटिबॉडींचा मुख्य प्रकार, खाली येतो. नेफ्रॉटिक मुलांचा आयजीजी आजार उलटला की लघवीतूनही जातो, म्हणजे दुहेरी गळती. म्हणून डोसच्या आधी आणि नंतर दर काही महिन्यांनी आयजीजी मोजायला हवा. तुमच्या फाईलमध्ये तो मला दिसला नाही. पुढच्या भेटीत आवर्जून मागा. तो कमी असेल आणि सोबत कान फुटणं, न्यूमोनिया असं वारंवार होत असेल तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देता येतं.

आणखी एक गोष्ट फार कमी आयांना सांगितली जाते. रिटुक्सिमॅबनंतर काही आठवड्यांनी-महिन्यांनी अचानक न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतला मुख्य गट, एकदम खाली जाऊ शकतो. मूल वरून ठणठणीत असतं. म्हणून ताप आला की क्रोसिन देऊन ‘दोन दिवस बघू’ करू नका. त्याच दिवशी सीबीसी करा.

लसींचं. जिवंत लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडातून पोलिओ, सध्या नाहीत. शाळेच्या फॉर्मवर तसं डॉक्टरांच्या सहीने लिहून द्या. फ्लूचं इंजेक्शन दर वर्षी द्या, न्यूमोकोकसची लस बाकी असेल तर तीही. बी पेशी परतू लागल्यात, आता लस बऱ्यापैकी लागेल. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांच्या आत दिलेली लस पुष्कळदा वाया जाते. मुलगा वयात बसतोय म्हणून एचपीव्हीचीही चौकशी करा. तुमच्या हडपसरच्याच सिरम इन्स्टिट्यूटची लस मुलग्यांसाठीही आहे, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. पुढेमागे पुन्हा रिटुक्सिमॅब द्यायचं ठरलं तर राहिलेल्या लसी किमान चार आठवडे आधी उरका आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करा, पृष्ठभागाचा अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी दोन्ही. यकृतात लपलेला हा विषाणू शेवटच्या डोसनंतर वर्ष उलटल्यावरही उठू शकतो.

धाकट्याचा पोलिओ इंजेक्शनचा द्या. तोंडातून दिलेला विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडतो आणि दोघं एकाच संडासात जातात. बाकी लसी धाकट्याला वेळेवर द्या, तेच मोठ्याचं संरक्षण आहे. शाळेत किंवा वाडीत कुणाला गोवर-कांजिण्या झाल्याचं कळलं तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा, काही उपाय पहिल्या थोड्या दिवसांतच उपयोगी पडतात.

प्रश्न : गेल्या वर्षी सिंहगड रस्त्यावर जीबीएसची (गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा माझ्या भावाला ‘अँटिबॉडीची इंजेक्शनं’ दिली. त्याचीही प्रतिकारशक्ती कायमची दबली का? — वाचक, धायरी

उत्तर : नाही. २०२५ च्या सुरुवातीच्या त्या साथीत दिलं गेलं ते आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून एकत्र केलेली अँटिबॉडी. ती टी किंवा बी पेशी मारत नाही. मज्जातंतूंवर उठलेल्या चुकीच्या अँटिबॉडींचा जोर मोडणं हे तिचं काम, आणि तीन-चार आठवड्यांत तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. भावाला अजून पायांत अशक्तपणा असेल तर तो जीबीएसचा आहे, इंजेक्शनचा नाही. फिजिओथेरपी सोडू देऊ नका. त्या वेळी पुण्याच्या एनआयव्ही या विषाणूविज्ञान संस्थेत रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत जीबीएसला निमित्त ठरू शकणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला होता. पाणी उकळूनच प्या, साथ ओसरली तरी.

प्रश्न : वय ५८. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससाठी (पाठीच्या कण्याचा संधिवात) दोन वर्षं अ‍ॅडॅलिमुमॅब घेतो, दर पंधरा दिवसांनी. सकाळी उठून वाकता येतं, हे मला नवीनच आहे. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत जायचं मनात आहे. वारीपुरतं औषध बंद ठेवलं तर चालेल का? आणि या औषधाने शरीर कायमचं पोखरलं जातं असं एकजण म्हणाला. — वारकरी, भोसरी

उत्तर : काका, पोखरलं जात नाही. तुमचं औषध वरच्या दोघांच्या औषधांपेक्षा वेगळं आहे. ते पेशींचे गट पुसून टाकत नाही, टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा निरोप अडवून धरतं. औषध थांबवलं की चार-पाच महिन्यांत ते अंगातून जातं आणि तो निरोप पुन्हा पोचायला लागतो, म्हणजे दुखणंही परततं.

वारीसाठी औषध बंद करू नका. अ‍ॅडॅलिमुमॅब हीसुद्धा शरीराला परकीच वस्तू आहे. मध्येच सोडून पुन्हा घेतलं की शरीर त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी करू शकतं, आणि मग तेच औषध पूर्वीसारखं लागू पडत नाही. दोन वर्षांनी तुम्हाला वाकता येतंय, ते घालवू नका.

तुमच्या बाबतीत मला काळजी आहे ती क्षयाची. आपल्याकडे कितीतरी जणांच्या छातीत क्षयाचा जंतू कोंडलेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. पेशींचा वेढा त्याला कोंडून ठेवतो, आणि तो वेढा टिकवायला टीएनएफ लागतो. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब बाजारात आल्यावर २००१ साली अमेरिकेत अशा ७० क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर होता, गाठींत, पोटात, मणक्यांत. म्हणून खोकला नाही म्हणजे क्षय नाही, असं धरू नका. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, उतरणारं वजन, मानेत गाठ, यातलं काहीही पंधरा दिवस टिकलं तर दाखवा. दोन वर्षांपूर्वी तपासणी निगेटिव्ह होती ती तेव्हापुरती. वारीच्या महिनाभर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची इग्रा रक्ततपासणी पुन्हा करून घ्या, आणि फ्लूची लसही.

चालणं तुमच्या पाठीला चांगलंच आहे. दिवे घाट सकाळच्या गारव्यात चढा आणि पाठीवर पिशवी घेऊ नका, दिंडीच्या ट्रकमध्ये टाका. वाटेत एक तरी इंजेक्शन येणार. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून ते बरोबर वागवण्यापेक्षा ठरलेल्या मुक्कामी घरच्यांनी बर्फाच्या डब्यात आणून द्यावं. बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं की फुकट जातं. टँकरचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, उघड्यावरची चिरलेली फळं आणि उसाचा रस नको. ताप १०० च्या वर गेला किंवा पायाचा फोड पिकला तर त्या पंधरवड्याचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, ते कदाचित थोडं पुढे ढकलायला सांगतील. औषधाचं नाव, शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि डॉक्टरांचा नंबर मराठीत एका कार्डावर लिहून बंडीच्या खिशात ठेवा आणि तसंच एक कार्ड दिंडीप्रमुखांकडे द्या.